वायर न जोडलेला फ्रीज

मी जळगावात फ्रीज दुरुस्त करायचो. भूत, करणी असलं कुणी काढलं की मी म्हणायचो, आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. त्यामुळे हे लिहिताना मान खाली जातेय... पण लिहितो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी सासुरवाडी धुळ्याजवळची. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जुनी मेटॅडोर घेऊन तिच्यात झोपायची बाकं, गॅसची शेगडी आणि एक छोटा फ्रीज बसवायचं ठरवलं. सासूबाईंना ओंकारेश्वरला नेऊन नर्मदा दाखवायची होती. अक्कांना, म्हणजे सासूबाईंना, साखरेचा आजार. रोज इन्सुलिन लागायचं. त्यात मे महिना, म्हणजे फ्रीजशिवाय निघणं शक्यच नव्हतं. बॅटरी, इन्व्हर्टर, वायरिंग — सगळं अर्थातच जावयाकडे आलं.

काम अर्ध्यावर असताना खापरावरच्या पुरणपोळीचं बोलावणं आलं. जावई एकदा ताटावर बसला की त्याला कोण उठू देतंय? आमरसाच्या वाट्या संपवून उठलो तो थेट गाडीतच बसलो, कारण आबांनी नारळ फोडलासुद्धा होता.

पहिला मुक्काम शिरपूरला, नातेवाइकांच्या मळ्यात झाला. सकाळी फ्रीजमधलं पाणी असं गार, की दात आंबले. आबा म्हणाले, "जवाईबापूनं काम म्हंजे काम शे." मी आपला मिशीतल्या मिशीत हसलो.

दुपारी बिजासन घाट चढून सेंधव्याला चहाला थांबलो. सहज फ्रीजमागे हात घातला. चालू फ्रीजची पाठ गरम लागते. ही थंड होती. टॉर्च घेऊन वाकलो, तर इन्व्हर्टरकडून आलेल्या वायरीची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. मी ती जोडलीच नव्हती!

बायकोला हळूच विचारलं, "बर्फाचा ट्रे कुणी भरला?"

"मीच. काल मळ्यात. हौदाच्या पाण्यानं."

"बर्फ बाहेरून नाही ना आणलास?"

"मळ्यात कुठला बर्फ? असं काय विचारताय?"

ट्रेमध्ये बर्फ होता. मी स्वतः बोटानं दाबून पाहिला. अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. कुणाला न सांगता वायरी जोडून टाकल्या. मोटर छान गुरगुरायला लागली.

जुलवानियापर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. इन्सुलिनची बाटली हाताला गरम लागली. फ्यूज, व्होल्टेज, जोडण्या — सगळं बरोबर होतं. मग काय केलं सांगू? जोडलेल्या वायरी पुन्हा सोडल्या आणि वाट बघत बसलो... मी, फ्रीज मेकॅनिक. काही झालं नाही. औषधाच्या दुकानांत विचारलं, इन्सुलिन कुठेच मिळेना.

अक्का माझ्याशी कधी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. त्यांनी बाटली हातात घेतली, ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, "तुना आबाले सांग, मना पाय दुखतस. नर्मदामाय पुढला सालले पाहूत. गाडी मांगे फिरावा."

आबांनी गाडी वळवली. घर येईपर्यंत फ्रीजचा विषय कुणी काढला नाही.

तो फ्रीज वायरीशिवाय कसा चालला आणि वायर जोडल्यावर का बंद पडला, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे कितीतरी फ्रीज उघडले, असं पुन्हा कधी पाहिलं नाही.

अक्कांची नर्मदा राहूनच गेली. पुढच्या उन्हाळ्याआधीच त्या वारल्या. त्या दिवशी मात्र घरी पोचल्यावर त्या गाडीतून उतरल्या आणि तरातरा चुलीकडे गेल्या, जावयासाठी चहा टाकायला. तो मी मुकाट्यानं प्यालो.