रस्त्याच्या कडेपर्यंत

"चल, तुला कोपऱ्यापर्यंत सोडते," म्हणत ताई पायांत चपला सरकवायच्या. कोपरा मागे पडून ट्रामचा थांबा आला तरी गप्पा चालूच. मग त्यांना एकटं कसं परत पाठवायचं, म्हणून मी पुन्हा त्यांच्या दारापर्यंत. या फेऱ्यांसाठी मी शेवटी वेळापत्रकात वेगळी जागाच ठेवली. भेटीपेक्षा निरोपाला जास्त वेळ लावणारं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच.

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या एका संस्थेत आम्ही दोघी रस्त्यांवर संशोधन करायचो. रस्ता कोण वापरतं आणि त्यापायी शेजारपाजारच्यांचं काय होतं, हा आमचा विषय. ताई नागपूरच्या, माझ्याहून मोठ्या. फोन उचलला की "जय भीम", आणि लगेच "जेवलीस का?"

जवळच्या एका गावाच्या मधोमध हमरस्ता जायचा. गावकऱ्यांना पायी ओलांडण्यासाठी सिग्नल हवा होता. आमच्या मोजणीत ओलांडणारे अगदी थोडे निघाले.

"आल्झो, म्हणजे कोणी ओलांडतच नाही, मग सिग्नल कशाला?" प्रकल्पप्रमुख म्हणाले.

"ओलांडत नाहीत, तेच तर दुखणं आहे," ताई म्हणाल्या.

"मग ते दाखवा."

मी प्रश्नावली नीट आखली होती. ताईंनी तळाशी एक प्रश्न घातला: पाहुण्यांना निरोप द्यायला तुम्ही कुठपर्यंत जाता?

"ताई, हा काय प्रश्न झाला?"

"अगं, राहू दे तर."

पहिल्याच घराची बेल आम्ही वेळ न ठरवता वाजवली. एका आजींनी दार किलकिलं करून विचारलं, "तुमचा टेर्मिन आहे? वेळ ठरवली होती?"

"नाही," ताई म्हणाल्या, "पण तुम्ही बसा म्हणालात तर बसू."

आजींनी दार पूर्ण उघडलं. थोड्या वेळाने आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो.

ताईंचा प्रश्न आला तेव्हा आजींनी खिडकीतून रस्त्यापलीकडचं निळं दार दाखवलं. "माझी शाळेपासूनची मैत्रीण. पूर्वी ती मला घरी सोडायला यायची, मग मी तिला. आता हे ट्रक. आम्ही खिडकीतून हात हलवतो."

"आणि बाकी पाहुण्यांना?"

"कडेपर्यंत."

आजी आम्हालाही पोहोचवायला आल्या, रस्त्याच्या कडेपर्यंत.

घरोघरी तेच उत्तर मिळालं. नकाशावर मी प्रत्येक घराचा निरोप जिथे संपतो तिथे टिंब दिलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना टिंबांची रांग लागली. पलीकडे गेलेलं एकही नाही. प्रमुखांनी नकाशा जवळ ओढला. "हा अहवालात पहिल्या पानावर घ्या," म्हणाले.

सिग्नल मंजूर होऊन उभा राहीपर्यंत ताईंचं कंत्राट संपलं होतं. विमानतळावर मी त्यांना तपासणीच्या रांगेपर्यंत सोडलं. मग ताई रांगेतून बाहेर येऊन मला विमानतळाच्या दारापर्यंत सोडून गेल्या. विमान चुकायची पाळी आली होती.

सिग्नल सुरू झाल्याचं कळल्यावर मी एकटीच गावात गेले. परतीची बस कोणती, तेही लिहून घेतलं होतं. केकचा डबा घेऊन आजी बाहेर आल्या, बटण दाबून पलीकडे गेल्या आणि निळ्या दारात शिरल्या. पुष्कळ वेळाने दोघी मैत्रिणी हातात हात घालून अलीकडे आल्या. कडेला उभ्या राहून बोलत राहिल्या.

माझी बस आली आणि गेली.

मग आजींनी मैत्रिणीचा दंड धरला आणि तिला सोडायला पुन्हा बटण दाबलं.