माझ्या खुर्चीवर नवरा

मैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

पोलादपूरच्या आमच्या शेतकरी कंपनीत मी संचालक आहे. पण बैठकीला नवराच जायचा आणि सहीपुरते कागद घरी यायचे. बाकीच्या दोघी संचालकांचंही तसंच.

आज नवऱ्यापाठोपाठ मीही गेले. तो सवयीने माझ्या खुर्चीवर बसला. अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला तरास घेतलात? भाऊ हायत ना!"

म्हटलं, "भाऊ संचालक नायत. मी हाय."

नवरा उठला आणि पुटपुटला, "मग मी कुठं बसू गो?"

"बाहेर बसा. चहा तिथंच येईल."

निघताना सगळ्यांना सांगून आले, पुढच्या निवडीत अध्यक्षपदाला मी उभी राहणार.

तुमच्या नावाच्या खुर्चीवर आज कोण बसलंय? जा, उठवा त्याला.