श्वासनळीतला खोडवा

ढोकीच्या एसटीत माझ्या शेजारच्या मावशी घोगऱ्या आवाजात अखंड बोलत होत्या. श्वासनळीत, स्वरयंत्रापाशी गाठी, साध्याच, पण काढल्या की पुन्हा उगवायच्या.

"मागं लेसरनं जाळल्या, औंदा फिरत्या पात्यानं छाटल्या. कसंबी तोडा, उसावानी खोडवा फुटतोयच! पण औंदा आवाज लवकर आला बगा."

आवाज गेला होता तेव्हा उतरायचं सांगायला त्या डबा बडवायच्या. आज त्यांना स्वतः हाळी द्यायची होती. पण कंडक्टरनं त्यांना ओळखून त्यांच्या गावाला आधीच गाडी थांबवली. मावशी हलेनात.

"चालू करा आधी!"

त्यानं हसत डबल बेल दिली. गाडी हलली तोच मावशी ओरडल्या, "थांबवा ओ, आमचं गाव आलं!"

करकचून ब्रेक लागला. आम्ही पुढच्या सीटवर आदळलो, तरी हसतच होतो. पुढचा खोडवा कधी फुटेल कुणास ठाऊक. मावशी खाली उतरून पुन्हा ओरडल्या, "जावा आता!"