शेणकिड्याचा मणी

दादा-वहिनी आठ दिवस इजिप्तला जाऊन आले आणि फोटो बघायला म्हणून त्यांनी मला नि आईला घरी बोलावलं. वहिनीच्या गळ्यात निळ्या मण्यांची माळ होती, मधोमध अंगठ्याएवढा कोरीव किडा. पाठीवर पंखांच्या रेघा, पोटाशी चित्रलिपी. "तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे," दादा म्हणाला. असल्या वस्तू संग्रहालयाच्या काचेबाहेर येत नाहीत, पण त्याला कोण सांगणार. पैठण गेटला हातगाडीवर याहून बऱ्या माळा मिळतात.

वहिनीनं काढून दिलेली माळ आईनं डोळ्यांजवळ धरली. "ह्यो तर शेणकिडा हाय. आपल्या गोठ्यात लई असायचे."

वहिनीचा चेहरा पडला. आमच्या गावी, पाचोडला आली की गोठ्यावरून जाताना नाकाला पदर लावणारी ही बाई. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

पाचोडच्या घरात आई दोनदा पडली होती, तिथं तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. हे आठ दिवस ती माझ्याकडं पडेगावला होती. येताना तिची बॅग मी सोबतच आणली होती आणि काही न बोलता दाराशी ठेवली होती. दादानं ती पाहिली. म्हणाला, घरात रंगाचं काम काढायचंय. मी म्हणाले, माझ्या शाळेत परीक्षा सुरू होताहेत.

"पाचोडला शेजारी आहेत की," तो म्हणाला.

"हो, तेही खरंच," मी म्हणाले.

आई माळ उलटसुलट करून बघत होती. मी इतिहासाची शिक्षिका. गप्प बसणं मला जमत नाही. आईला सांगितलं, तिकडं माणूस मेला की असलाच दगडी किडा त्याच्या छातीवर ठेवायचे. त्यावर काळजाला विनवणी कोरलेली असायची, की वर न्यायनिवाडा होईल तेव्हा माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

"काय पण अक्कल," मी दादाकडं बघत म्हणाले. "जन्मभर मनाला येईल तसं वागायचं आणि शेवटी स्वतःच्याच काळजाचं तोंड दाबायचं."

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. माळ वहिनीच्या हातात दिली आणि दादाकडं वळली.

"मग एकच का आणला रं? बहिणीलाबी एक आणायचा व्हता."