चाचांनी दुकान वाढवलं

लातूरला डॉक्टर व्हायला गेलेल्या आणि डॉक्टर न झालेल्या पोरांचे फोटो कुठल्याच चौकातल्या बोर्डावर लागत नाहीत. लागले असते तर अख्खं लातूर झाकून गेलं असतं. मी त्यातलाच एक. दोन वर्षं तिथं काढली, दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटलो आणि शेवटी नांदेडला औषधांचं दुकान टाकलं. त्या दोन वर्षांत शिकलेलं रसायनशास्त्र आता आठवत नाही. लालमहंमद चाचा मात्र आठवतात.

चाचांचं गेमचं दुकान क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, रेवणप्पांच्या झेरॉक्सला लागून. चार टीव्ही, चार कन्सोल आणि प्रत्येकाला दोन-दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. चाचा मूळचे टीव्ही मेकॅनिक, लातूरचेच. लग्न केलेलं नव्हतं. कपाळावर सतत आठी, त्यामुळे नवीन पोरगं घाबरायचं. मीही घाबरलो होतो.

साल दोन हजार सात. इस्लापूरहून येऊन मला तीन आठवडे झाले होते. खोलीत आम्ही चौघं होतो आणि चौघंही एकमेकांशी बोलायचो नाही, कारण प्रत्येकाला बाकीचे तिघं आपली सीट पळवणार असं वाटायचं. तीन आठवड्यांत मी मेसवाल्या सरजाबाईंशी ‘अजून एक पोळी’ एवढंच बोललो असेन. अशा अवस्थेत एका दुपारी मी चाचांच्या दुकानात शिरलो.

‘कुठला?’ चाचांनी विचारलं.

‘इस्लापूर.’

‘हे कुठं आलं?’

‘किनवट तालुका. सहस्रकुंडाजवळ.’

‘एकटा हाईस?’

‘हो.’

‘मंग बस तिथं. दुसरा एकटा येऊ दे.’

मला वाटलं, चेष्टा करतायत. दोन टीव्ही रिकामे होते. पण चाचांचा तो नियमच होता. त्यांच्या दुकानात एकट्यानं खेळायचं नाही. जोडीदार घेऊन या, नाही तर बाकावर बसून जोडीदाराची वाट बघा. मी पाऊण तास बसलो. मग केस विस्कटलेला एक लांबोडका मुलगा आला. चाचांनी त्याच्याकडे आणि माझ्याकडे बोट केलं. ‘उदगीर, तू इस्लापूरसंग बस.’ पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. तो उदगीर म्हणजे दयानंद. त्यानं मला फुटबॉलमध्ये सात-शून्यानं हरवलं आणि आमची दोस्ती झाली, ती आजतागायत आहे. अशा किती जोड्या त्या बाकावर जमल्या असतील! आमच्या आयांना वाटायचं पोरगं लातुरात शिकतंय. पोरगं लातुरात टिकलं ते या बाकामुळं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पण खेळण्यापेक्षा जास्त मजा लाईट गेल्यावर यायची. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दिवसाचे पाच-सहा तास लाईट नसायची. इतर दुकानदार शिव्या द्यायचे, चाचा खूश व्हायचे. टीव्ही विझले की कुणी उठायचं नाही. अर्धवट अंधारात पंधरा-वीस जण कोंडाळं करून बसायचे आणि गेमवर बोलत सुटायचे. कोण कुठल्या लेव्हलला अडकलंय, कुस्तीच्या गेममध्ये कोणता डाव कोणत्या बटणावर आहे, आणि सगळ्यांत मोठा विषय म्हणजे शहरवाल्या गेमचा पुढचा भाग. गाडी पळवायची, शहरभर हिंडायचं, असा तो गेम. त्याचा पुढचा भाग येणार येणार म्हणून आम्ही दोन वर्षं काढली.

‘पुढच्या भागात म्हणे कुठल्याही घरात शिरता येणार,’ दयानंद सांगायचा. त्याच्या मावसभावानं पुण्यात कुणाकडून तरी ऐकलेलं असायचं.

‘आणि पाऊस पडला की गाडी घसरणार!’

‘थापा नको मारू. तुझ्या मावसभावाकडं टीव्ही तरी हाय का?’

चाचा स्टुलावर बसून ऐकायचे. सगळं ऐकून झालं की त्यांचा एकच प्रश्न. ‘त्यात दोघांला खेळता येतंय का?’ नाही म्हटलं की ते हात झटकायचे. ‘मंग काय कामाचा?’

हे ‘दोघांला’ कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. त्या दुपारी मी एकटाच बाकावर होतो, लाईट नव्हती. चाचा बराच वेळ एका रिमोटचे स्क्रू पिळत राहिले. मग बोलले.

त्यांना मोहसीन नावाचा धाकटा भाऊ होता. दोघं मिळून टीव्ही दुरुस्त करायचे. त्र्याण्णव साली मोहसीननं हैदराबादहून कॅसेटवाला टीव्ही गेम आणला. काम संपलं की गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर दोघं भाऊ रणगाड्यांचा गेम खेळायचे. ‘चेक करून राहिलो म्हणायचं, आन् खेळायचं,’ चाचा म्हणाले. गणपतीत गावोगावची मंडळं त्यांच्याकडून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर न्यायची. त्या वर्षी किल्लारीच्या मंडळाचं सामान घेऊन चाचांनी जायचं होतं. त्यांना कंटाळा आला, त्यांनी मोहसीनला पाठवलं. पिक्चर दाखवून तो परतही निघाला होता. पण मंडळाच्या पोरांनी, आता विसर्जनाची मिरवणूक बघूनच जा म्हणून ठेवून घेतलं. मिरवणूक संपली आणि त्याच पहाटे भूकंप झाला.

‘टीव्ही सापडला,’ चाचा म्हणाले. ‘काच तेवढी तडकली होती. चालू केला तर चालला.’

त्यांनी पुन्हा रिमोटचा स्क्रू पिळायला घेतला. तेवढ्यात औश्याचा एक मुलगा आला आणि चाचांनी त्याला माझ्याशेजारी बसवलं.

आम्ही पांगलो. पोरांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये गेम. दयानंद पुण्यात कंपनीत लागला. काही वर्षांनी त्यानंच आम्हा जुन्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्याला नाव दिलं, ‘लाईट आली का?’. अडतीस जण जमले. चाचांनाही घेतलं. ग्रुपवर विषय तेच, कोण काय खेळतोय, कुठला गेम कधी येतोय. फरक इतकाच की आता आम्ही सगळे आपापल्या घरात, कानाला हेडफोन लावून एकटे खेळत होतो. बायको झोपलेली, लेकरं झोपलेली, आणि आपण पस्तिशीच्या उंबरठ्यावर एकटे. चाचांनी पाहिलं असतं तर बाकावर बसवलं असतं.

चाचा सगळं वाचायचे. लिहायचे मात्र क्वचित. नव्या गेमची बातमी आली की तासाभरानं त्यांचं वाक्य उमटायचं. ‘दोघांला येतंय का?’ आम्ही हसरे चेहरे टाकायचो. आणि वर्षातून दोन-तीनदा ते विचारायचे, ‘कधी येता रे? दुकान बघून जा.’ आम्ही सगळे लिहायचो, दिवाळीत येतो चाचा, उन्हाळ्यात नक्की. कुणीही गेलं नाही. मी स्वतः दोनदा लातूरवरून गेलो आणि बसमधून उतरलो नाही. एकदा पाऊस होता, एकदा काहीच नव्हतं.

मग एका डिसेंबरात शहरवाल्या गेमच्या आणखी पुढच्या भागाची पहिली झलक आली. दहा वर्षं वाट पाहिलेली! ग्रुपवर जत्रा भरली. समुद्र बघा, गर्दी बघा, माणसांच्या अंगावरचा घाम बघा. एका तासात दोनशे मेसेज. त्या धबडग्यात चाचांचा मेसेज आला. ‘बेटेहो, शुक्रवारी दुकान वाढवून राहिलो. सगळे येऊन जा. चहा हाय.’

दयानंदनं लिहिलं, ‘अभिनंदन चाचा!!!’ लगेच दुसऱ्यानं, ‘एक नंबर! मोठ्या दुकानात आता नवा कन्सोल घ्या, हा गेम तुमच्याकडंच खेळणार.’ मग फुलं, फटाके, टाळ्या. मीही लिहिलं, ‘लई भारी चाचा, मनापासून अभिनंदन.’ चाचांनी नुसते हात जोडलेले टाकले. आम्ही पुन्हा त्या घामाकडं वळलो. शुक्रवार नेहमीसारखा उलटला. कुणी गेलं नाही.

त्या दिवसापासून चाचांनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. ते मला जूनमध्ये लक्षात आलं, ही माझी माया!

जूनमध्ये थोरल्या मेहुणीच्या मुलीला, उज्ज्वलाला, क्लासला सोडायला मी लातूरला गेलो. तिला हॉस्टेलवर पोचवलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन चाचांकडं निघालो. वाढवलेलं दुकान बघावं म्हटलं. तिथं अभ्यासिका होती. काचेचं दार, आत एकेक खुर्चीचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात भिंतीकडं तोंड करून एक मुलगा.

मी शेजारी रेवणप्पांना विचारलं, ‘काका, चाचांचं दुकान?’

‘वाढवलं की. डिसेंबरातच.’

‘हो, ते माहीत आहे. पण कुठं वाढवलं? मोठी जागा घेतली का?’

रेवणप्पांनी झेरॉक्सचं झाकण उघडंच ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. ‘वाढवलं म्हणलो मी. मोठं केलं म्हणलो न्हाई. मराठवाड्यातलाच हाईस न्हवं तू?’

कानफटात बसावी तसं झालं. दुकान बंद केलं असं कुणी म्हणत नाही, अशुभ असतं. फुटलेली बांगडी वाढते, संध्याकाळी दुकान वाढतं. आणि कायमचं मिटलेलं दुकानही वाढतंच, त्याला वेगळा शब्द कुणी केलेला नाही.

रेवणप्पांना सांगायचंच होतं, विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. ‘मंडपवाल्याकडून चाळीस खुर्च्या आणल्या त्यानं. जुम्म्याची नमाज करून आला आन् दारात बसला. म्हणला, माझी पोरं येणार हायती. मी जाऊन बसलो त्याच्यापाशी. किती चहा प्यावा माणसानं? अंधार पडाय लागल्यावर म्हणला, रेवणप्पा, कुलूप तू लाव. माझ्यानं व्हईना.’

चाचा आता औश्याला भाचीकडं, नाझनीनकडं असतात, असं कळलं. तासाभरात मी औश्याला पोचलो. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत घर सापडलं. चाचा ओसरीत एक मिक्सर उघडून बसले होते. पार वाळले होते. मला बघून आठी आणखी खोल झाली, मग एकदम सुटली.

‘इस्लापूर!’

नाझनीननं चहा आणला. ती माझ्याकडं बघत नव्हती. चहा ठेवून ती तशीच आत गेली. मला बसवेना. मी पेढे बाजूला ठेवले आणि सरळ बोललो, ‘चाचा, माफ करा. आम्ही चुकलो. आम्हाला वाटलं, तुम्ही दुकान मोठं करताय.’

‘मोठं?’ चाचा हसले. ‘साठी झाली माझी.’

‘खरंच. म्हणून अभिनंदन लिहिलं सगळ्यांनी. तुम्हाला काय वाटलं?’

चाचांनी मिक्सरचं पातं फडक्यानं पुसलं. ‘मला वाटलं, पोरं खूश झाली. म्हणलं, आपलं दुकान बंद पडल्यानं लेकरांना इतका आनंद व्हावा, म्हंजे आपण लेकरांचं काय तरी वाईट केलं असंल. तुम्ही डॉक्टर झाला न्हाईत ना. नाझनीनला इचारायचो मी, ह्यांचा अभ्यास मी बुडवला का गं?’

‘नाही हो चाचा! असं काय बोलता? कुणाला तो शब्दच कळला नाही.’

चाचांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, लहान मुलाची चोरी पकडल्यासारखं ते बोलले. ‘तुझ्या बापाचं किराणा दुकान होतं ना इस्लापुरात? तूच सांगायचास. बाप रोज सांजच्याला काय म्हणायचा?’

माझे वडील तीस वर्षं रोज संध्याकाळी फळ्या लावताना आईला ओरडून सांगायचे, ‘वाढवलं गं, पान घे.’ मी ते ऐकतच वाढलो.

‘दुसऱ्याला न्हाई कळलं, मानतो,’ चाचा म्हणाले. ‘तुला कळलं न्हाई, हे मी कसं मानू? नको खोटं बोलू. चहा घे.’

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मला रडू येत होतं आणि स्वतःची चीडही येत होती. मी म्हणालो, ‘चाचा, मी वाचलंच नव्हतं. दयानंदनं आणि बाकीच्यांनी लिहिलेलं दिसलं, त्यावरून दुकान मोठं होतंय असं धरलं आणि मीही अभिनंदन लिहिलं. त्यानंही ‘दुकान वाढवून’ एवढे दोन शब्दच वाचले असतील. सगळे त्या गेमचं बघत होते.’

चाचांचा हात थांबला. हे त्यांना पटलं, ते मला दिसलं. न पटतं तर बरं झालं असतं.

‘अडतीस जणांत?’ त्यांनी हळूच विचारलं. ‘एकानंबी वाचलं न्हाई?’

‘नाही, चाचा,’ मी म्हणालो. ‘एकानंही नाही.’