आधी पोटात काय?

मावशींना दाताचं काही विचारलं, की त्या पोटाचं विचारायच्या. विश्रामबागेतल्या आमच्या दाताच्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. माणूस गाल धरून कण्हत आत यायचा आणि या विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंस?" वर ऐकवायच्या, "सुईनं कोन चक्कर यिऊन पडत न्हाई, उपाशी पोटानं पडतंय."

शस्त्रक्रियेची बाकी तयारीही त्यांचीच. अवजारं ताटात मांडायची, बीपी बघायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते खोदून विचारायचं. पेशंट "न्हाई" म्हणाला तरी त्याला पिशवी उघडायला लावायच्या. गोळी सापडली, की चोर पकडल्यासारखा आनंद व्हायचा त्यांना.

मावशी आता साताऱ्याला लेकीकडे असतात. त्यांची फार आठवण येते, आणि आली की एक सकाळ हमखास आठवते. मी नवाकोरा डॉक्टर होतो. मोठे डॉक्टर सहकुटुंब महाबळेश्वरला गेले आणि जबड्यात आडवी रुतलेली एक अक्कलदाढ माझ्या गळ्यात मारून गेले. एकट्यानं करायची माझी ती पहिलीच शस्त्रक्रिया. ती फसली असती, तर मी पुन्हा अवजाराला हात लावायला धजलो नसतो.

पेशंट ऊसवाला गडी, दारातून तिरका होऊन आत येणारा. मावशींनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आपरेशन म्हटल्यावर उपाशीच यायचं आसतंय न्हवं? त्यात आज संकष्टी हाय," तो अभिमानानं म्हणाला. आदल्या दिवशी मी त्याला सगळं बजावलं होतं, फक्त दाढेपुरतंच बधिर करतात, तेव्हा खाऊन या, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

मावशींनी समोरच्या हॉटेलातून साबुदाण्याची खिचडी मागवली, दोन प्लेट. "उपासाचंच हाय. गणपती रागवत न्हाई, खा," म्हणत एक त्याला दिली आणि दुसरी माझ्यापुढे सरकवली.

"मला कशाला?"

"आवं डॉक्टर, सकाळपास्नं तीनदा हात धुतलं, पर च्यासुदिक घेतला न्हाई तुमी. आज पेशंट दोन हायती."

मीही खाल्लं. दोघांनी चुळा भरल्या. मग मावशी न मागता एकेक अवजार हातात देत गेल्या आणि अर्ध्या तासात दाढ दोन तुकड्यांत बाहेर आली.

गडी तोंडात बोळा धरून खुर्चीतून उतरला आणि थेट मावशींच्या पाया पडायला वाकला. दाढ मी काढली होती! पण राग कसला येतोय. त्याच्यामागे दुसरा नंबर माझाच होता.