कठड्याबाहेरचा दुधी

कात्री हे नाव तिला गणवेश शिवायच्या कारखान्यात पडलं. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायचे, बटणं ओढून बघायची, कॉलर वाकडी बसली असेल तर शर्ट परत फेकायचा, हे तिचं काम. हातात कात्री असायचीच, पण शर्ट परत फेकताना शिवणाऱ्या बाईला ती जे ऐकवायची त्यामुळे नाव पक्कं झालं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कोणी खऱ्या नावानं हाक मारली की ती जरा उशिरानं वळायची.

कारखाना गावाबाहेर गेला आणि बायकांना घरी बसवलं, तेव्हा कात्रीनं पन्नाशी ओलांडली होती. घरी बसायचं म्हणजे दिवसभर थोरल्या जावेच्या डोक्यावर बसायचं. अगदी शब्दशः. सासऱ्यांनी बांधलेल्या दुमजली घरात थोरले दीर-जाऊ खाली राहायचे, कात्री आणि तिचा नवरा वर. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोन्ही भावांचं फाटलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. जिन्यात समोरासमोर आले की एकजण भिंतीकडे बघायचा, दुसरा पायातल्या चपलेकडे. जावा मात्र बोलायच्या. न बोलता भांडता येत नाही.

दोघींच्या मध्ये एकच गोष्ट सामाईक उरली होती, ती म्हणजे गच्ची. पाण्याची टाकी तिथे, टाकीचा नळ तिथे, आणि थोरलीची कपडे वाळत घालायची दोरीही तिथेच.

हात रिकामे राहिले की कात्रीचं तोंड चालायचं आणि त्याचा सगळा मारा नवऱ्यावर व्हायचा. तो बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्त करायचा. दुपारी जेवायला घरी यायचा, तेही त्यानं बंद केलं. एक दिवस रंगाचे दोन मोठे रिकामे डबे त्यानं कुठूनतरी आणून गच्चीवर ठेवले. "यात काहीतरी लाव," म्हणाला, "आणि बोलायचं ते त्याच्याशी बोल."

तिनं टोमॅटो लावले. रोपं वर आली, फुलली, आणि एका सकाळी पानांच्या मागे पिठासारखी पांढरी कीड दिसली. तिनं साबणाचं पाणी मारलं, ते जास्त झालं, पानं करपली. पुढची रोपं कबुतरांनी उकरली. त्यापुढच्यांना फळं धरली आणि ऐन पिकायच्या वेळी तडकली, कारण पाणी कधी कमी, कधी जास्त. कात्री डब्यासमोर उभी राहून रोपांना कारखान्यातल्या भाषेत ऐकवायची. खालून थोरली विचारायची, "कोणाला बोलतेस गं?"

"तुम्हाला नाही," कात्री वरून म्हणायची. "तुम्हाला बोलायचं असेल तेव्हा खाली येऊन बोलेन."

पण ती शिकली. डब्यांना खाली भोकं पाडली, मातीत नारळाचा भुसा मिसळला, घरातला ओला कचरा एका झाकणाच्या पिंपात कुजवायला घातला. उन्हाच्या कडाक्यात जुनी चादर ताणून सावली केली. वर्षभरात गच्चीचा अर्धा भाग भरला. वांगी, मिरच्या, पालक, घेवडा, आणि शेवटी दुधी. पहिलं वांगं तिनं भाजलं त्या दिवशी नवरा दोनदा भात मागून जेवला आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी पुन्हा घरी येऊ लागला. कात्रीनं त्यावर काही म्हटलं नाही. स्वयंपाक करताना पालकाची ओली मुळं हातात घेऊन ती उगाच हुंगायची, एवढंच.

खालच्या घरातून वर यायची ती फक्त पुतणी. नर्सिंग शिकत होती. कपडे काढायच्या निमित्तानं यायची, चार टोमॅटो दोरीखाली बसून तिथेच खायची आणि तोंड पुसून खाली जायची. "आईला कळलं तर मला घराबाहेर काढेल," ती म्हणायची. "ये मग वर," कात्री म्हणायची. "एक खाट आहे." स्वतःला मूल नसलेल्या कात्रीनं त्या पोरीला तळहाताच्या फोडासारखं वाढवलं होतं. भावांचं फाटायच्या आधी पोरीचा अर्धा दिवस वरच जायचा.

थोरलीची तक्रार खोटी नव्हती, हे कात्रीलाही ठाऊक होतं. डब्यांतून गढूळ पाणी वाहायचं, पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या नळीत माती बसायची आणि खालच्या मोरीत चिखल उलटायचा. कुजवायच्या पिंपाला वास यायचा. आणि टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. थोरली डोक्याला साबण लावून बसली असताना एकदा पाणी गेलं. ती तशीच, फेस गळत, जिना चढून वर आली.

"मी माणूस आहे," ती म्हणाली, "आणि ते वांगं आहे. पाणी कोणाला आधी?"

"वांगं उलटून बोलत नाही," कात्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप लागलं. कात्री मग भांडी विसळलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादल्यांतून वर नेऊ लागली. पाठ धरायची. जिन्यात पाणी सांडायचं, ते ती मुद्दाम पुसायची नाही.

दुधीचा वेल याच दिवसांत माजला. पानं ताटाएवढी झाली, फुलं भरपूर आली, पण फळ धरेना. भाजी विकणाऱ्या बाईनं सांगितलं की नर फूल तोडून मादी फुलात फिरव, तुझ्या गच्चीवर भुंगे येत नसतील. दुधी संध्याकाळी फुलतो. कात्री रोज दिवे लागायच्या वेळी वर जाऊन एकेक फूल धुंडायची. पाच-सहा फळं धरली. त्यातलं सगळ्यात मोठं कठड्याबाहेर लोंबलं, थेट थोरलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. रोज बोटभर वाढत होतं.

"माझा उजेड अडतो," थोरली म्हणाली.

"मग दिवा लावा."

"तो माझ्या खिडकीत आहे. मी तोडला तर?"

"हात लावून बघा, वहिनी," कात्री म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. कारखान्यातल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की कात्री हळू बोलायला लागली की बाजूला व्हावं.

आठवड्याभरात एका सकाळी वेल माना टाकून पडलेला दिसला. पानं उकडल्यासारखी. कात्रीनं मुळापाशी जाऊन पाहिलं. खोड मातीलगत कापलेलं होतं, सरळ, एका फटक्यात. बाहेर लोंबणारा दुधी अजून हिरवागार होता, त्याला खबर पोचली नव्हती. आणि टाकीच्या नळाचं कुलूप निघालेलं होतं.

हे कुलूप तिच्या डोक्यात गेलं. वेल मारून पाणी मोकळं करायचं, म्हणजे आता मेलेल्याला पाज, असंच ना? तिनं कोणाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. थोरलीची दोरी समोर होती, भरलेली. चादरी, उशांचे अभ्रे, आणि टोकाला पुतणीचा पांढरा गणवेश. कात्रीनं जुनी धागे कापायची कात्री आणली आणि दोरी मधोमध कापली. सगळं धुणं सपकन खाली आलं. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. तिनं पायानं कुजणारं पिंप आडवं केलं. काळं, चिकट पाणी गच्चीभर पसरलं आणि कपड्यांत शिरलं.

मग ती कठड्याशी गेली आणि थोरलीच्या नावानं बोलायला लागली. समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. दूध घेऊन निघालेला माणूस सायकलवरून उतरून उभा राहिला. सासऱ्यांच्या आजारपणात थोरली माहेरी जाऊन बसली होती इथपासून तिनं सुरुवात केली आणि दाराआडचं एकही राहू दिलं नाही. थोरली अंगणात आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी वेलाला हात लावलेला नाही," एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली. सगळ्यांना वाटलं तसं कात्रीलाही वाटलं, की बाई खोटं बोलते आहे.

पुतणी वर गेली आणि गणवेश हातात घेऊन खाली आली. तिला त्या दिवशी पहिल्यांदा वॉर्डात उभं राहायचं होतं. धुवायला वेळ नव्हता, धुऊन निघणारा डागही नव्हता. ती कात्रीच्या दारात थांबली.

"काकू, हा माझा होता. तुला माहीत होतं."

पोरगी मैत्रिणीचा सैल गणवेश पिना लावून घालून गेली. पोचायला उशीर झाला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. हे कात्रीला नंतर बाहेरून कळलं.

सकाळी लवकरच दुकानात गेलेला नवरा दुपारी जेवायला आला. कात्रीनं त्याला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. तो घास हातात धरून ऐकत राहिला. मग घास ताटात ठेवला.

"वेल मी कापला," तो म्हणाला.

तिला आधी ऐकूच आलं नाही.

"दादा दुकानात आला होता. इतक्या वर्षांनी. पंखा घेऊन आला, पंख्याला काही झालं नव्हतं. म्हणाला, तो वेल तेवढा काढ, मी टाकीचं कुलूप काढतो. बायकांना कशाला मध्ये घ्यायचं, आपण दोघं मिटवू. मग आम्ही चहा प्यायलो." तो थांबला. "मी तुला आज सांगणार होतो. तुझा राग थोडा उतरला की."

"माझा राग," कात्री म्हणाली.

"तुला आधी विचारलं असतं तर तू कापू दिला असतास का?"

"नाही."

"मग?"

कात्रीनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्याचं जेवण अर्धं राहिलं होतं. तिला त्याचा संताप आला होता, आणि त्याच वेळी खालून थोरलीचा आवाज येत होता. ती आपल्या नवऱ्याला विचारत होती, तुम्ही गप्प का बसलात. म्हणजे खालीही आत्ताच कळलं होतं. दोन्ही भावांनी मिळून एक गोष्ट इतक्या वर्षांत केली आणि ती अशी.

माफी मागायला हवी होती. कात्रीला ते कळत होतं. संध्याकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली आणि परत फिरली. शब्द जुळेनात. तिच्याकडे शब्दांचा साठा होता तो सगळा दुसऱ्या कामाचा. शेवटी तिनं बाजारातून नवी, जाड नायलॉनची दोरी आणली, गच्ची घासून धुतली, आणि दोरी पहिल्यापेक्षा ताणून बांधली. थोरलीच्या उंचीचा अंदाज घेऊन एक टोक जरा खाली घेतलं.

सकाळी थोरली धुण्याची बादली घेऊन वर आली. दोरीकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. बादली खाली ठेवली, सुरी आणायला खाली घरात गेली, आणि परत येऊन दोरी कापली. दोन्ही टोकांना. मग ती गुंडाळून नीट कात्रीच्या मिरच्यांच्या डब्यावर ठेवली.

"गल्लीसमोर मला खोटी पाडलीस," ती म्हणाली. "ते गल्लीसमोरच परत घे. दोरी नको मला."

कात्रीनं ते केलं नाही. करायला हवं होतं असं पुढे तिनं एकदा नवऱ्याला म्हटलं, तोवर महिने उलटले होते आणि गच्चीत भिंत उभी राहिली होती. थोरल्यानंच गवंडी लावला. भाऊ पुन्हा बोलेनासे झाले. भिंत पुरुषभर उंच झाली, टाकी आणि सकाळचं ऊन पलीकडे गेलं. कात्रीनं वेगळी टाकी बसवून घेतली. टोमॅटो सावलीत उंच आणि मरतुकडे वाढले, फळलेच नाहीत, तेव्हा तिनं ते उपटले आणि पालक, पुदिना, कोथिंबीर वाढवली. भिंतीवर घेवडा चढवला. पुतणीला दूरच्या इस्पितळात नोकरी लागली. जाताना ती वर आली नाही. फाटकातून बाहेर पडताना तिनं वर पाहिलं, कात्री कठड्याशीच होती, दोघींपैकी कोणी हात हलवला नाही.

घेवडा भिंत ओलांडून पलीकडे गेला. वेल कुठे थांबायचं ते विचारत नाही. पलीकडे लागलेल्या शेंगा थोरली तोडते. कात्रीला पटपट आवाज ऐकू येतो. मग मूठमूठभर शेंगा भिंतीवरून इकडे येऊन पडतात, डब्यांत, जमिनीवर, कधी कात्रीच्या पाठीवर. थोरली एकही ठेवून घेत नाही. वेल मात्र कापत नाही, कदाचित कापला असं पुन्हा कोणी म्हणायला नको म्हणून.

कात्री शेंगा वेचते. जून झालेल्या बाजूला काढते, कारण थोरलीला कोवळी कधी तोडावी ते समजत नाही, आणि हे भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते. पलीकडून बादली आपटल्याचा आवाज येतो. नवरा दुपारी जेवायला येतो, घेवडा छान झालाय म्हणतो. कात्री त्याला अजूनही वाढते आणि समोर बसत नाही.